माझं ताट वेगळं आहे

मी कवडी बोलतेय. देवळ्याच्या शिवारात गोरक्षच्या मळ्यावर कांदे साठवायची लांबलचक बांबूची चाळ आहे. तिच्या दारात उन्हाला अंग पसरून पडलेली म्हातारी मांजर येता-जाता तुम्ही पाहिली असेल, ती मीच. माझं वय चौदा. माझ्या जातीत हे वय पणजी होण्याचं. पण मी मरणाची गोष्ट सांगायला बसलेली नाही. माझं मरण सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि एका बाईने ते मान्य केलं नाही, त्याची ही गोष्ट आहे.

माझा जन्म याच चाळीत, रिकाम्या गोण्यांच्या थप्पीवर झाला. डोळे उघडायच्या आधी मला एकच वास माहीत होता, तो कांद्याचा. अंगावर पांढरे-पिवळे ठिपके, म्हणून गोरक्षच्या आईने, बायडाबाईने, माझं नाव कवडी ठेवलं. तिचं माहेर नामपूरचं. घरात ती सगळ्यांशी इकडचं बोलते, माझ्याशी मात्र माहेरच्या अहिराणीत. "काय शे व माय?" काय आहे गं, एवढंच ती म्हणायची आणि मी तिच्या पायात घोटाळायची.

मला काम होतं. उंदीर कांद्याला फारसं तोंड लावत नाही, पण गोण्या कुरतडतो, मक्याचं बियाणं फस्त करतो. रात्रभर मी चाळीच्या बांबूंवरून फिरायची. सकाळी माझी शिकार ओट्यावर ठेवलेली पाहून गोरक्ष नाक मुरडायचा, पण बियाण्याची पोती शाबूत आहेत हेही पाहायचा. माणसांचं असंच असतं. ज्याने काम होतं त्याला ती शाबासकी देत नाहीत, फक्त हाकलत नाहीत.

शाबासकी बायडाबाई द्यायची. संध्याकाळी स्वतःचं ताट वाढून घेतलं की ती त्यातली अर्धी भाकरी माझ्या ॲल्युमिनियमच्या वाटीत कुस्करायची आणि वरून रस्सा ओतायची. मटणाचा असो, वांग्याचा असो, नुसत्या वाटणाचा असो. तिला वाटायचं, जे माझ्या ताटात तेच हिच्या वाटीत, यात कसला आपपरभाव? तरुणपणी माझं पोट उंदरांवर भरायचं. रस्सा मी मान राखायला चाटायची.

मग वय झालं. मागचे पाय जड झाले, दाढा दुखू लागल्या, उंदीर माझ्यासमोरून निवांत जाऊ लागले. बायडाबाईने ते ओळखलं. तिची माया वाढली आणि मायेबरोबर रस्साही वाढला. भाकरी मऊ व्हावी म्हणून ती आता बुडेल एवढा रस्सा ओतायची. मी सगळा संपवायची. दुसरं काही चावतच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात चाळ भरली तेव्हा मला चाळीच्या पहिल्या बांबूवरही उडी मारता येईना. चार पावलं चालले की धाप लागायची. बायडाबाईने वाटी आणखी भरली. जो येई तो म्हणे, वय झालं तिचं. शेजारची कुसाबाई म्हणाली, मांजर असंच जातं, एके दिवशी दिसेनासं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वय झालं हे दोन शब्द माणसं किती सहज वापरतात. ते एकदा उच्चारले की कोणाला काही विचारावं लागत नाही आणि कुठे जावं लागत नाही.

एका सकाळी गोरक्ष रिकामी गोणी घेऊन माझ्यापाशी आला. आमच्याकडची ही रीत आहे. मांजर घरात मरू नये म्हणून तिला गोणीत घालायचं, म्हणजे तिला परतीची वाट कळत नाही, आणि लांबच्या बाजारात सोडून यायचं. मारायची नसते, कारण मांजर मारल्याचं पाप मोठं. सोडलेली चालते.

बायडाबाई ओट्यावर कांदे निवडत होती. ती उठली आणि हिला दवाखान्यात नेते म्हणाली.

"आई, दवाखान्यात कुठं नेती हिला," गोरक्ष म्हणाला. "तिथं सुई टोचताना मेली तर? काशीला सोन्याची मांजर वाहावी लागती, ठाऊक हे ना तुला?"

"आन गोणीत घालून सोडली, आन तिथं मेली, तर ते पाप कोणाच्या माथी?"

तिने त्याच्या हातातली गोणी घेतली, घडी करून टमाट्याच्या क्रेटमध्ये अंथरली आणि मला त्यावर ठेवलं.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी गाई होत्या, शेळ्या होत्या, खूर सुजलेला एक बैल होता. मांजर मी एकटीच. बैलवाला म्हणाला, "मावशी, दूध किती देती हो?" सगळे हसले. बायडाबाईही हसली आणि म्हणाली, "तुझ्या बैलाएवढंच." मग मात्र तिने तिथून पाय हलवला नाही, तिचा नंबर येईपर्यंत. तिथल्या डॉक्टरांनी मला तपासून खरं ते सांगितलं. रक्त फार कमी दिसतंय, मांजराच्या रक्ताची तपासणी इथे होत नाही, नाशिकला न्या, आणि आजच न्या.

गोरक्षने घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. बायडाबाई म्हणाली, तू नेतो का मी एसटीनं जाऊ? त्याने पिकअप वळवली.

नाशिकच्या डॉक्टरांचं नाव उज्वला. शिकायला फार लांब गेल्या होत्या आणि परत आपल्याच गावी दवाखाना थाटून बसल्या होत्या. त्यांनी माझा ओठ हलकेच वर केला. माझ्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. इतक्या महिन्यांत माझं तोंड उघडून कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी वजन केलं, रक्त घेतलं, पोट चाचपलं आणि विचारलं, खाते काय ही?

बायडाबाईने अभिमानाने सांगितलं. उरलंसुरलं नाही घालत बाई, माझ्याच ताटातलं घालते.

"मावशी, त्या रश्शात कांदा असतो?"

बायडाबाईला हसू आलं. "देवळ्याची माणसं आम्ही. कांद्याबिगर कालवण व्हतं का कुठं?"

उज्वला हसल्या नाहीत. रक्ताचा निकाल येईपर्यंत त्या थांबल्या आणि मग समोर बसून शांतपणे बोलल्या. कांदा मांजराला सोसत नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, वाटणातला तर मुळीच नाही. त्याने तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. थोडा पोटात गेला तर शरीर भरून काढतं, रोज गेला तर काढू शकत नाही, आणि म्हातारं शरीर तर नाहीच.

बायडाबाई माझ्याकडे पाहत राहिली. जिच्या घराने कांद्यावर लेकरं वाढवली, कांद्यावर घर बांधलं, तिला हे कसं पटावं? पण तिला पटलं, तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

"म्हंजे मीच घालत व्हते तिला इख."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं," उज्वला म्हणाल्या. "आता कळलंय. रडायचं नंतर. आधी हिला वाचवू."

जगेल का, हे गोरक्षने विचारलं. आज सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. मला तिथेच ठेवून घेतलं. पायात सलाईन, नाकाशी ऑक्सिजन, आणि बायडाबाई बाकावर. घरी जा म्हणून गोरक्षने दोनदा सांगितलं. ती म्हणाली, एक दिवस मी नसले म्हणून चाळीतले कांदे सडत नाहीत.

मी जगले. यात चमत्कार नव्हता. विष थांबलं, औषध मिळालं, वेळेत मिळालं. रक्त भरल्यावर पुढच्या खेपेला माझ्या किडलेल्या दाढा काढल्या. मूत्रपिंडं थोडी थकली आहेत, तेही तेव्हाच सापडलं. ती नवी होणार नाहीत, पण जपता येतील, असं उज्वलांनी सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरात माझी वेगळी पातेली आहे. तिच्यात कोंबडीचं मांस नुसत्या पाण्यात शिजतं, कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही. सोबत डॉक्टरांनी दिलेलं खाणं. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी. कुसाबाई म्हणाली, मांजरीला सासुरवाशिणीसारखं अळणी घालते. बायडाबाई म्हणाली, सासुरवाशिणीची कोणी हिरडी पाहिली असती तर तीही सुखी झाली असती. आणि गोरक्ष? कांद्याचा नमुना तोलायचा जो छोटा काटा आहे, त्यावर तोच मला दर पंधरवड्याला बसवतो. वजन घटलं तर नाशिकला फोन करतो. बोलून मात्र दाखवत नाही.

परवा नामपूरहून बायडाबाईची बहीण, रंगूबाई, आली. पंगत बसली. मला पाहून तिचा जीव कळवळला. किती वाळली व माय, म्हणत तिने आपल्या ताटातली भाकरी कुस्करली, वर मटणाचा रस्सा ओतला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. बायडाबाई आत चुलीपाशी होती.

आता खरं सांगते. तो वास माझ्या जन्मापासूनचा. त्यात माया आहे हेही मला कळतं. माझे पाय ताटलीकडे वळले. तोंड खाली गेलं.

ताटली वर उचलली गेली. उचलणारा हात गोरक्षचा होता, ज्या हाताने एकदा गोणी आणली होती तोच.

"मावशी, तिचं ताट वेगळं हे," तो म्हणाला. मग त्याने रंगूबाईला सगळं सांगितलं, हिरड्यांपासून वाटणापर्यंत. रंगूबाईचा घास हातातच राहिला. तिच्या घरी नामपूरला एक बोका आहे, अलीकडे पडूनच असतो, त्याचंही वय झालं असं सगळे म्हणतात. जेवण अर्धं टाकून तिने लेकाला फोन लावला आणि बोक्याला उजेडात नेऊन त्याचा ओठ वर करून पाहायला सांगितलं. हिरड्या कशा हेत, गुलाबी का पांढऱ्या?

पलीकडून उत्तर आलं, पांढऱ्या. मग रंगूबाई उठली, आणि गोरक्षने पिकअपची किल्ली घेतली.

मी आज या दारात ऊन खात आहे. उडी मारत नाही, पण चालते, खाते, दर सहा महिन्यांनी नाशिकची वारी करते आणि सुई टोचली की फिसकारते. तुमच्या घरात एखादी म्हातारी मांजर असेल, तर तिच्या वयाला दोष द्यायच्या आधी तिचं तोंड उघडून पाहा, ती काय खाते ते डॉक्टरांना सांगा, ती चांगली दिसत असतानाही दाखवा. माझ्या जिभेवर विसंबू नका. मला अजूनही रस्सा हवासा वाटतो, आणि मरेपर्यंत वाटणार. ताटली तुम्हीच उचला.