भट्टीची लाकडं

मलावीच्या त्या डोंगराळ भागात ऑक्टोबर सरला की आभाळाचा भरवसा नसतो, आणि कच्ची वीट एका सरीत विरघळते. म्हणून इझोबेलनं भट्टी पेटवायला महिन्याचा शेवटचा आठवडा धरला होता. बाळंतिणींची खोली यंदा उभी करायचीच, हे तिनं गेल्या पावसातच ठरवलं होतं. त्या वेळी दवाखान्यात जागा नव्हती म्हणून गावातल्या एलिनातीचं बाळंतपण मिशनच्या ओसरीवर, ताडपत्रीच्या आडोशाला झालं. बाळ गारठलं ते पुन्हा गरम झालंच नाही. आता एलिनाती पुन्हा पोटुशी होती. दिवस नाताळात भरणार होते.

इझोबेल नर्स आणि तिचा नवरा फर्गस पाद्री, दोघंही स्कॉटलंडहून आलेले. घरातली शिस्त मात्र इझोबेलची. पाणी उकळलेलंच हवं, दोरीवरचा प्रत्येक कपडा इस्त्रीखालून जायलाच हवा, नाहीतर ओल्या कापडावर माशीनं घातलेल्या अंड्यांतल्या अळ्या कातडीत शिरतात. लेक मोराग इथंच जन्मलेली. ती चिचेवा भाषा आईबापांपेक्षा सफाईनं बोले आणि चपला रोज आंब्याखाली विसरून येई.

मंगळवारी पहाटे भट्टी पेटली. वारुळाच्या मातीच्या विटा रचून तळाशी आरपार बोळ ठेवले होते, त्यांत लाकडं धडधडत होती. विटा पार वरपर्यंत भाजल्या की बोळांची तोंडं चिखलानं लिंपायची, तोवर जाळ तोडायचा नाही. दुपारी गावातून रडण्याचा आवाज आला. गड्यांनी हातातली लाकडं जिथल्या तिथं ठेवली.

मोराग धावत आली. "आई, गावच्या मुखियांची आई गेली! आता मूठमाती होईपर्यंत कुणी काम नाही करायचं."

गडी खड्डा खणायला गेले. फर्गसनं काळा कोट चढवला. "चल."

"तू हो पुढे. जाळ आत्ता कुठं चढलाय. सोडला तर निम्म्या विटा कच्च्या राहतील."

"धूर दिसेल सगळ्यांना."

"देवाला कळेल मी का थांबले ते."

"देवाचं कोण बोलतंय?" म्हणून तो निघाला.

इझोबेल एकटीच लाकडं सारत राहिली. थोड्या वेळानं एलिनातीची आई, नाफिरी, कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय हो मोरागची आई, तिकडं आम्ही रडतोय आणि इकडं तुमची चूल जोरात! पाहुणे यायचेत वाटतं?"

"नाफिरी, खोली कुणासाठी बांधतेय ते तुम्हाला ठाऊक आहे. जाळाला मयत कळत नाही."

"जाळाला नाही कळत. तुम्हाला कळतं ना?" नाफिरीचा आवाज खाली आला. "माझा नातू आम्ही बायकांनीच नेऊन पुरला. त्या दिवशी माझ्या दारात पहिली मोळी कुणी आणून टाकली?"

इझोबेलनं ते पाहिलं होतं. मुखियांची आई, पाठीतून वाकलेली, मोळी कुणालाही उचलू न देता आली होती.

इझोबेलनं भट्टीकडे पाहिलं. आतली उष्णता आत्ताच कोंडली तर खालचे थर भाजतील, वरचे राहतील. त्याला इलाज नव्हता.

"मोराग, चिखल आण."

मायलेकींनी बोळांची तोंडं बंद केली. मग इझोबेलनं उरलेल्या लाकडांची मोळी बांधली आणि खांद्यावर घेतली.

"डोक्यावर घ्या, डोक्यावर," नाफिरी पुटपुटली. "तुमच्याकडं बायकांना डोकी नसतात का?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी अंगण रिकामं केलं. सगळी लाकडं मयताच्या घरी गेली, रात्र जागवणाऱ्यांच्या चुलींना आणि शेकोट्यांना.

मूठमाती झाल्यावर भट्टी उघडली. इझोबेलनं एकेक वीट दुसरीवर आपटून पाहिली. खालच्या खणखणत होत्या, वरच्या भद्द वाजत होत्या. डोंगरामागं ढग साचले होते.

"पुढच्या वर्षी करू," फर्गस हळूच म्हणाला.

"एलिनातीला सांग तसं. थांबायला सांग पोराला." तिनं कुऱ्हाड उचलली आणि टेकडीची वाट धरली.

ती परतली तेव्हा तळहाताला फोड आले होते आणि डोक्यावरची मोळी तिसऱ्यांदा सुटत होती. भट्टीपाशी बायकांची रांग होती, प्रत्येकीच्या डोक्यावर लाकूड. गडी वरच्या कच्च्या विटा उतरवून पुन्हा नव्यानं रचत होते.

नाफिरीनं इझोबेलची मोळी न्याहाळली. "हे काय आणलंत? दात कोरायला?"

सगळ्या हसल्या. इझोबेलही हसली आणि तिनं ती मोळी पहिल्या बोळात सारली.

या खेपेला जाळ तुटला नाही. पाळ्या लावून बायकांनी, गड्यांनी, फर्गसनंही लाकडं घातली. मोराग शाळा बुडवून पाणी वाहत राहिली आणि इझोबेलनं तिला चपलांबद्दल एकदाही हटकलं नाही.

भट्टी निवली. काही विटा तडकल्या होत्या. चार भिंती निघतील, फरशी पुढच्या वर्षावर टाकावी लागेल, असा इझोबेलनं हिशेब केला. मागं वळून बघते तो एलिनाती दोन्ही हातांत विटा घेऊन उभी.

"ठेव ते खाली! या दिवसांत ओझं उचलतेस?"

"थांबा हो. बघू तर द्या." एलिनातीनं वीट विटेवर आपटली. खणखणीत आवाज आला. तिनं दुसरी वाजवली, मग तिसरी, आणि तिन्ही बाजूला ठेवल्या. "या माझ्या खाटेकडच्या भिंतीला लावा."

इझोबेलनं त्या तिन्ही विटा उचलल्या आणि पाया आखायला दोरी ताणली.