माळेचा आलेख

मंगळवारी सकाळी नऊ वाजताच गावच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिन्यातलं ऊन, सावलीतही अंगाची लाही होत होती, तरी रनाळ्याकडून, थेट नंदुरबारहून माणसं रिक्षा भरभरून आली होती. प्रत्येकाच्या गळ्यात काड्यांची माळ. जो तो शर्टाची बटणं सोडून शेजाऱ्याला आपली माळ दाखवत होता.

"मन्ही छातीवर उनी. तुन्ही?"

"मन्ही ते बेंबीले टेकनी! बठ्ठी कावीळ उतरी गयी!"

चमत्कार असा होता. पहिल्या दिवशी ही एकवीस ओल्या काड्यांची माळ डोक्यावर जेमतेम बसे. हळूहळू ती आपोआप वाढत जाई, कपाळावरून गळ्यात येई आणि पंधरा-वीस दिवसांत पोटापर्यंत पोचे. काड्या मोजल्या तर एकवीसच्या एकवीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

माळबाबा पारावर मांडी घालून बसला होता. "ही माळ नही भाऊ, ही कावीळनी शिडी शे!" तो ओरडत होता. "रोग एक पायरी उतरस, माळ एक बोट उतरस. पथ्य चार! तेल नही, तिखट नही, सुई नही, ऊन नही. सुई टोची का माळ रुसी जाई. माळले ऊन दखाडं का रोग परत वर चढी जाई!" मग आवाज खाली आणून तो काठीनं मागच्या फांदीकडे दाखवी. "आनि इस्वास नही व्हई ते हाई दखा. सायन्सना मास्तरनी सिद्ध करेल शे!"

फांदीला प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला आलेखाचा कागद लटकत होता. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर माळेची लांबी सेंटिमीटरमध्ये. ठिपके जोडणारी रेघ कशी ताठ वर चढलेली. खाली सही.

ती सही माझी.

मी भरत गुरुजी. माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतो. दर वर्षी विज्ञान दिनाला लिंबातून रक्त काढून दाखवतो आणि 'चमत्काराला प्रश्न विचारा' असं घसा ताणून सांगतो. गावात माझे दोन पराक्रम प्रसिद्ध आहेत. पहिला म्हणजे नळाचा खड्डा. आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं, तेही सुतासारखं. पाणी उताराकडे धावतं, हे मी मुलांना शिकवतो. म्हणून घरासमोर गटारीला लागून साडेचार फूट खड्डा खणला आणि नळाची तोटी खाली तळाशी नेली. पाणी धो धो आलं. महिन्याभरात अख्ख्या गल्लीनं खड्डे खणले, पण माझ्याइतका खोल कुणाचा नव्हता. याचा मला अभिमान होता.

दुसरा पराक्रम हा आलेख. मार्चमध्ये मला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी पिवळी, आणि अन्नाचा वास आला तरी मळमळ. बायकोनं माळबाबाची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. आता खरा विज्ञानवादी काय करतो? माळ काढून फेकतो. मी काय केलं? शाळेतून मीटरपट्टी आणली आणि रोज सकाळी सातला माळ मोजली. मिलिमीटरसुद्धा सोडला नाही. अठरा दिवसांत मी बरा झालो आणि माळ पोटापर्यंत आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असा शोध मी लावला. नववीतल्या पोरानं हे उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. स्वतःला मात्र पैकीच्या पैकी दिले आणि आलेख चारचौघांत मिरवला. तो बाबापर्यंत कसा पोचला असं मी नंतर लोकांना विचारत फिरलो. खरं सांगतो, मीच दिला होता. त्यानं मला 'सायंटिस्ट साहेब' म्हटलं होतं.

एप्रिलपासून गल्लीत घरटी एक माणूस पिवळं पडू लागलं. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात रिना पडली.

रिना माझ्या पुतण्याची, ईश्वरची बायको. सातवा महिना चालू. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या शांतीबाई वहिनीनं तिला लगेच माळ घातली. सोमवारी आमच्या उपकेंद्राच्या आरोग्य सेविका लिडिया सिस्टर माझ्या घरी आल्या. नवापूरकडच्या, बारीक चणीच्या, बोलणं थोडकं.

"सर, रिनाला नंदुरबारला न्यायला हवं. पोटुशीला ही कावीळ झाली तर बाई हातची जाऊ शकते, आणि मूलही. घरचे ऐकत नाहीत. म्हणतात, गुरुजी माळेनंच बरे झाले. तुम्ही एकदा येऊन सांगा की माळेत काही नाही."

मी म्हणालो, "उद्या बघतो."

उद्या का? कारण आज सांगायचं म्हणजे आलेख खोटा ठरवायचा. एका पोरीचा आणि तिच्या पोटातल्या बाळाचा जीव एका पारड्यात, माझी सही दुसऱ्या पारड्यात, आणि मी सोमवारची रात्र सहीची काळजी करत काढली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

मंगळवारी ईश्वर रिनाला रिक्षातून पारावर घेऊन आला. तिची माळ आठ दिवसांत बोटभरही वाढली नव्हती. अंगाची आग होते म्हणून वहिनी दिवसभर तिच्या डोक्या-गळ्यावर ओली फडकी ठेवत होत्या. रिनाचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि बोलता बोलता मधेच ती गुंगीत जात होती.

बाबानं मान हलवली. "माळ रुसनी! कोनी सुई टोची?"

"कोनीच नही बाबा," वहिनी रडकुंडीला आल्या. "कालदिन सिस्टर उनी व्हती फक्त."

"तिनी सावली पडनी व्हई! दुसरी माळ घाला, आनि आठ दिन सिस्टरले उंबरठा चढू देऊ नका!"

"मला पण एक माळ द्या," मागून आवाज आला. लिडिया सिस्टर.

"तुले कावीळ शे का?"

"मला नाही. गुरुजींच्या मोटरसायकलला आहे."

लोक हसले. बाबाही हसला आणि हसता हसता त्यानं माळ दिली. सिस्टरनी ती पाराजवळ उभ्या असलेल्या माझ्या मोटरसायकलच्या आरशावर अडकवली. आरशाला ती घट्ट बसली. मग त्यांनी गाडी ढकलत सावलीतून भर उन्हात नेली आणि स्टँडवर लावली.

"ऊन दखाडू नका!" बाबा ताडकन उठला.

"का? फार तर गाडीचा रोग वर चढेल," सिस्टर म्हणाल्या. "मी ॲम्ब्युलन्सला फोन केलाय. ती तळोद्याकडे गेली आहे, यायला दोन तास लागतील. तोवर बसू."

लोक बसले. नंदुरबारच्या उन्हानं त्या दिवशी जे काम केलं ते मला सत्तावीस वर्षांत जमलं नव्हतं. आधी माळ आरशावर सैल झाली. मग खाली लोंबली. दोन तास व्हायच्या आत ती हँडलच्या खाली, पेट्रोलच्या टाकीवर येऊन टेकली. काड्या मोजल्या. एकवीसच.

"गुरुजी, तुम्हनी गाडी बरी हुयनी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"हाई चेटूक शे!" बाबा म्हणाला.

"पन बाबा," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्हीज सांगं व्हतं, ऊन दखाडं का रोग वर चढस. मंग माळ खाले कसी उनी?" बाबा झोळी चाचपू लागला. वहिनी माझ्याकडे वळल्या. "आनि भरतभाऊ, तुम्हना आलेख? तुम्ही का खोटं लिखशात?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी उठलो.

"आलेख खरा शे वहिनी. मी गाढव शे."

मी आरशावरची माळ काढली आणि सगळ्यांसमोर एक गाठ उसवली. प्रत्येक काडीला दोऱ्याचे वेढे दिलेले होते. काडी ओली असते तेव्हा फुगलेली असते, वेढे घट्ट बसतात आणि सगळा दोरा त्यांत दडून राहतो. काडी सुकली की बारीक होते, वेढे सुटतात, दडलेला दोरा बाहेर येतो. माळ वाढत नाही, नुसती उलगडते. ऊन लागलं तर दोन तासांत, कपड्याच्या आत सावलीत ठेवली तर पंधरा-वीस दिवसांत. पाण्यातून होणारी ही कावीळ बहुतेकांचं शरीर तेवढ्याच दिवसांत आपलं आपण बरी करतं. बाबानं उन्हाची बंदी घालून काडीचा वेग आजाराच्या वेगाशी जुळवून घेतला होता, एवढीच त्याची करामत. बरा झाला तो माळेमुळे. नाही झाला त्याची माळ रुसली. मी अठरा दिवस मीटरपट्टीनं काय मोजलं असेल, तर काड्या किती सुकल्या ते. दुसरी माळ खिळ्याला टांगून बघावी, हे मला एकदाही सुचलं नाही.

"आणि रिनाची?" सिस्टरनी विचारलं.

"ओल्या फडक्याखाली सुकेल कशी?" मी म्हणालो.

रिना रिक्षात डोळे मिटून होती. आम्हाला वाटलं झोपली आहे. तिनं डोक्यावरची माळ काढली आणि माझ्यापुढे धरली.

"काका, हाई बी तुम्हनी गाडीले घाली द्या. मले दवाखानामा लई चाला."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा वहिनीच आधी चढल्या. त्या गडबडीत बाबानं झोळी उचलली, फांदीवरचा आलेखही काढला आणि तो पसार झाला.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती मोठ्या तोऱ्यात सांगितली असती. पण तीन दिवसांनी सिस्टर पुन्हा दारात.

"सर, माझ्या वहीत चौदा रुग्ण आहेत. चौदाही तुमच्याच गल्लीतले. पाणी कसं भरता?"

मी त्यांना कौतुकानं खड्डा दाखवला. तळाशी गटारीचं झिरपलेलं काळं पाणी साचलं होतं आणि तोटी त्यात बुडाली होती. सिस्टरनी दुकानातून कपड्यांना घालायची नीळ आणवली. पाणी बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी त्यांनी ती माझ्या खड्ड्यात ओतली. पाणी सोडणाऱ्या माणसानं व्हॉल्व्ह बंद केला. ईश्वरच्या घरी नळाला लावलेली मोटर सगळ्यांसारखीच उरलंसुरलं पाणी ओढत होती. खड्ड्यात गुळगुळ आवाज झाला. माझ्या डोळ्यांदेखत निळं पाणी तोटीतून उलटं पाइपात शिरू लागलं.

"काका!" पलीकडून ईश्वर ओरडला. "हंडामा निळं पानी!"

मी धावत गेलो. हंडा चुलीशेजारी होता. रिना रोज त्यातलंच पाणी प्यायची.

माझ्या खड्ड्यातलं पाणी. पाणी उताराकडे धावतं हे मला ठाऊक होतं, पण मोटर ओढायला लागली की ते आल्या वाटेनं मागंही जातं, हे मी विसरलो होतो. कावीळ कुणाच्या सावलीनं आली नव्हती. गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या संडासांचं पाणी गटारीत जात होतं. रोग्याच्या विष्ठेतून आजार गटारीत आला, तिथून माझ्या खड्ड्यात, खड्ड्यातून पाइपात आणि पाइपातून रिनाच्या पोटात. मला मार्चमध्ये झाली, म्हणजे कदाचित सुरुवातच माझ्यापासून. आधी मी तिला आजार दिला आणि मग उपचार न घेण्याचं कारणही दिलं. दोन्ही पराक्रम एकाच पोरीवर.

त्याच दिवशी फावडं घेऊन मी खड्डा बुजवला. तोटी जमिनीच्या दोन फूट वर आली. पाणी पुन्हा सुतासारखं. आठवड्याभरात गल्लीतले बाकीचे खड्डेही बुजले, कारण नीळ सगळ्यांनी पाहिली होती. आता पाणी उकळून पितो, टाकीत क्लोरीनचे थेंब टाकतो, संडासहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबणानं हात धुतो. यातलं सगळं मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे.

रिना सोळा दिवस दवाखान्यात होती. तिथंही या आजारावर जादूची गोळी नाही. पण रक्त तपासतात, सलाईन लावतात, आणि बिघडलं तर वेळेत कळतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. तो एक दिवस कुणी घालवला असता, हे त्यांना माहीत नव्हतं. तिची पोरगी दिवस भरायच्या आधीच जन्मली, काचेच्या पेटीत राहिली आणि आता घरी आली आहे. मी बघायला गेलो तेव्हा वहिनींनी तांब्या पुढे केला. महिन्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या.

"उकायेल शे. पी ल्या."

मी प्यायलो. उकळलेलं पाणी कोमट होतं आणि माझे डोळे भरून आले होते.

आता एकच काम राहिलं आहे, म्हणून हे लिहितो. माझा आलेख अजून बाबाकडे आहे. तो कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी फांदीला लटकत असेल आणि खाली माझी सही असेल. तुम्हाला दिसला तर त्यातला एकही आकडा खोटा समजू नका. फक्त विश्वास ठेवू नका. सही मास्तरची आहे म्हणून तर मुळीच ठेवू नका. एक माळ मागून घ्या आणि उन्हात उभ्या केलेल्या एखाद्या मोटरसायकलला घाला. मग घरी जाऊन आपल्या नळाची तोटी कुठं बुडालेली आहे, ते वाकून बघा.