मल्हारीचा आवाज कशात उघडतो

जाफराबादच्या स्टँडवर शिवकन्या जीपमधून उतरली, तर चहावाली बेबीनंदा म्हणाली, "आज मल्हारीमामा काहीच बोलून न्हाई राह्यले ग. चहा घेता का इचारलं, तर नुसते बघत बसले." शिवकन्येच्या डोक्यात तिथंच ठिणगी पडली. सकाळपासून तिच्या दुकानात बापाजवळ तिचा धाकटा भाऊ करण बसला होता. दुसरं कोण असणार?

आता तुम्ही म्हणाल, घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेलेला माणूस बोलणार कसा? तर मल्हारी बोलायचा. मेंढरं हाकून कमावलेला आवाज त्याचा. पिंपळगाव रेणुकाईच्या यात्रेत सारी उमर त्यानंच माईक धरला. त्या पुकाऱ्याच्या कॅसेटी मंडपवाल्याकडं धूळ खात पडल्या होत्या. लेकीनं त्या मागून आणल्या, तुकडे केले आणि दुकानातल्या जुन्या कंप्युटरवर चढवले. रिक्षाच्या भोंग्याच्या जाहिराती रेकॉर्ड करणं हा तिचा धंदा, म्हणजे हे काम तिच्या हातचा मळ. मंग बापापुढं माऊस ठेवला. तेव्हापासून कोणी चहाचं विचारलं की म्हातारा एका फाइलीवर दोनदा टिचकी मारायचा आणि दारातल्या भोंग्यातून यायचं, "भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घेतल्याशिवाय जाऊ नये." वर्गणीवाले दिसले की, "खिसेकापूंपासून सावध राहा." अख्खा स्टँड खिदळायचा. ऑपरेशननंतर तोंडाला गमचा लावून घरात कोंडून घेतलेला माणूस त्या फाइलींमुळं परत चारचौघांत आला होता.

ती दुकानात शिरली. मल्हारी खुर्चीत बसला होता, हात माऊसवर, पण बोट हलत नव्हतं. पडद्यावर चौकोन, टिंबं, उलटीसुलटी अक्षरं, नुसता चिवडा. बाजूला करण मोबाइल चोळत बसलेला. भोकरदनला त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. तेवढ्या भांडवलावर जगातलं सगळं येतं असं त्याला वाटायचं.

"आक्का, बरं झालं आलीस. आबांच्या फाइली सडल्या. उघडलं की असा कचरा निघतो. मी सगळ्या उचलून कचरापेटीत टाकल्या, ही एक नमुन्याला ठेवली. आता पेटी रिकामी करून टाकतो."

"हात लावलास तर मनगट मोडीन." शिवकन्येनं त्याला बखोटीला धरून उठवलं. "सकाळी मी निघाले तवा बराबर वाजत व्हत्या. तू काय केलंस?"

"काय करणार? दुसऱ्या कशात आवाज मोठा येतो का बघत होतो. कशात उघडू म्हणून कंप्युटरनं यादी दाखवली. पहिलं नाव दिसलं ते दाबलं, अन् कायम यातच उघडा म्हणून टिक मारली. रोज रोज कोण विचारून घेणार?"

पहिलं नाव! ते पत्र लिहायच्या प्रोग्रॅमचं होतं. आवाजाची फाइल त्यात उघडली तर कचराच दिसणार, दुसरं काय दिसणार? तरी बरं, गड्यानं त्या चिवड्यात बोटं घालून काही खोडून सेव्ह केलं नव्हतं. शिवकन्येच्या अंगाची लाही लाही झाली.

"अरे अकलेच्या कांद्या, चुकीची किल्ली लावलीस अन् म्हणतोस घर पडलं? मला फोन करायला तुझ्या हाताला लकवा भरल्ता का?"

"जुन्या तर फाइली, घरघर वाजणाऱ्या. मोबाइलवर एआयनं नवा आवाज करून देतो आबांना. बिलकुल चकाचक."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. शिवकन्येला ते दिसलं, आणि मग तिचा तोल गेला. "त्याच्या तोंडावर म्हणतोस? त्याचा आवाज कचऱ्यात टाकतोस अन् दुसऱ्याचा त्याच्या गळ्यात बांधतोस? आपरेशनच्या टायमाला आल्ता का तू? दुकान बंद ठेवता येत न्हाई म्हणलास. अन् आता आलास सुधारणा करायला."

बोलता बोलता हात चालूच होते. पेटीतल्या फाइली तिनं जागच्या जागी परत नेल्या. एकीवर उजवी टिचकी मारली, गुणधर्म उघडले, कशात उघडायची त्या यादीतून गाणी वाजवायचा प्रोग्रॅम निवडला आणि कायमचा ठरवून टाकला. एकीला सांगितलं की त्या जातीच्या साऱ्या फाइली ऐकतात. एवढंच काम होतं. एवढ्यासाठी बाप सकाळपासून मुका बसला होता.

"बोला आबा," ती म्हणाली.

करणनं पिशवी उचलली. "चांगलं करायला जावं तर शिव्या. ऱ्हाय तू अन् तुझ्या फाइली. मी काय परत येत न्हाई." तो तरातरा निघाला, रस्ता ओलांडून भोकरदनच्या जीपकडं.

मल्हारी त्याच्याकडं बघत राहिला. नाकपुड्या फुगल्या होत्या. मग त्यानं यादीच्या पार तळाशी जाऊन एका फाइलीवर टिचकी मारली. शिवकन्येनं ती ओळखली. म्हाताऱ्यानं ती आजवर एकदाही वाजवली नव्हती.

भोंगा खरखरला. "मंडळी, इकडं लक्ष द्या. एक पोरगा हरवला आहे. अंगात बनियन, निळी चड्डी, नाकाला शेंबूड. नाव करण मल्हारी. नाव विचारलं तर सांगणार न्हाई, लई हट्टी आहे." स्टँडवर हशा पिकला. बेबीनंदा पदर तोंडाला लावून हसली. करणनं जीपच्या पायरीवर ठेवलेला पाय तसाच राहिला, कानशिलं लाल झाली.

भोंग्यात माईकची खडखड झाली. पुढचा आवाज यात्रेतल्या पुकारणाऱ्याचा नव्हता, पोर हरवलेल्या बापाचा होता. तो फाटलेला होता आणि दम लागलेला. "करण, बाबा, भिऊ नको. जिथं असशील तिथं थांब. हालू नको. मी येऊन राह्यलो."

फाइल संपली. जीपवाला चल म्हणाला तरी करण वर चढला नाही. तो रस्त्याकडं पाठ करून जागच्या जागी उभा राहिला.

शिवकन्येचा राग तसूभरही उतरला नव्हता. पण बापानं खुर्चीखालच्या चपला पायानं चाचपल्या तेव्हा त्या तिनंच पुढं सरकवल्या. म्हातारा त्या घालून रस्ता ओलांडायला निघाला. पोराच्या कानाखाली वाजवायला की हात धरायला, ते तिलाही सांगता आलं नसतं.