एकशे बारावं कडं

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. लिंडेलो गावच्या माळावर, जांभळ्या फुलांच्या खुरट्या झुडपांत एका माणसानं लाकडी खुंटी ठोकली, थंडीनं हात चोळले आणि म्हणाला, "इथं." झाला माझा जन्म.

मी कोळशाच्या खाणीची हवेची विहीर बोलतेय. माझी थोरली बहीण, खाणीची मुख्य विहीर, शंभर पावलांवर. ताजी हवा आणि माणसं तिच्यातून खाली जायची. मग तीच हवा घाम, धूळ, घोड्यांचा वास असं सगळं घेऊन माझ्यातून वर यायची. मान सगळा तिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एवढ्या माणसांचा श्वास सोडायचं काम आपल्याकडे आहे, हे काय थोडं झालं?

पण ते सगळं पुढचं. आधी मला खणायचं कसं, हाच मोठा घोर होता. आमच्या माळाखाली वाळू, आणि वाळूत पाणी. पंप लावला तर पंप थकायचा, पाणी थकायचं नाही. मग लोकांनी युक्ती काढली. माझ्याभोवती गोल नळ्या पुरल्या, त्यांतून बर्फाहून गार खारं पाणी फिरवलं आणि चार महिन्यांत वाळूसकट सगळं गोठवून टाकलं. त्या बर्फातून मला खणलं. जुलैत वरची माणसं घामानं निथळायची आणि आतल्यांच्या मिशांवर हिम साचायचं. वरच्या नळ्यांवर पांढरा थर धरायचा, तिथं गावातल्या बायका लोण्याची भांडी ठेवून जायच्या. मुकादम पोन्सार्ट्स त्यांच्यावर ओरडायचा आणि मग स्वतःची बिअरची बाटली तिथंच ठेवायचा.

बर्फ वितळला की पाणी परत येणार, म्हणून मला आतून लोखंडी कडी घातली, एकाखाली एक. दोन कड्यांच्या सांध्यात शिशाची पट्टी ठोकून बसवायची. हातोड्यानं गोल ठोकत जाऊन एक हात मारायचा, मग परत गोल फिरून दुसरा हात. पहिल्या हातानं शिसं आत जातं, दुसऱ्यानं ते तिथं राहतं. दुसरा हात चुकला तर बारीक धार लागते, धारेबरोबर वाळू येते, आणि वाळू यायला लागली की विहीर गेली, थोरली गेली, खालची माणसंही गेली. पायथ्याला पंप होता, तो चार थेंब हसत पिऊन टाकेल. वाळूपुढे तो काय करणार?

हे ठोकायचं काम दोघं करायचे. एक म्हातारा गोमारकाका, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता आणि ही त्याची शेवटची विहीर होती. दुसरा सेर्वास, पंचवीस वर्षांचा, लाजाळू, मोठ्या हातांचा.

सेर्वास एकशे बाराव्या कड्यावर होता तेव्हा वरून बादली आली. बादलीवर खडूनं लिहिलं होतं, 'मुलगी. दोघी बऱ्या आहेत.' त्यानं हातोडा टाकला आणि त्याच बादलीत उडी मारून वर गेला. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे साखरेचे बदाम घेऊन आला, सगळ्यांना वाटले. एक माझ्याही काठावर ठेवला. तो गोमारकाकानं खाल्ला.

मला आतून पुरतं मढवून झालं. बर्फाचं यंत्र सोमवारी बंद करायचं ठरलं. आणि इकडे सेर्वासची झोप उडाली. एकशे बाराव्या कड्याचा शेवटचा हातभर सांधा. त्याला दुसरा हात मारला होता, की बादली आली म्हणून तसाच राहिला? त्याला काही केल्या आठवेना. वरून डांबर फासलेलं, नुसतं बघून कळायचं नाही. मला विचाराल तर मी स्वतःच थंडीनं बधिर झाले होते, मलाही सांगता येत नव्हतं.

त्याची बायको डिम्फ्ना दुपारी लोणी-पाव आणि कॉफी घेऊन यायची, तान्ही ओडा खांद्यावर. माझ्या कठड्यापाशीच त्यानं तिला सांगितलं.

"मग जाऊन सांग मुकादमाला," ती म्हणाली.

"नोकरी जाईल. नाहीतर जन्मभर हसतील."

"हसू देत." तिनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मी चूल विझवली की नाही बघायला चर्चमधून अर्ध्यात घरी येते. तेव्हा कोण हसत नाही मला? आणि तू तर विहीर बघायला लाजतोस."

गेला बिचारा. मुकादमानं ऐकून घेतलं आणि काढून ठेवलेला लाकडी माचा परत दोरावर चढवायला सांगितलं. त्या रविवारी गावची जत्रा होती. दोरावरच्या गड्यांची जत्रा बुडाली, मग ते गप्प बसतात होय? "काय रे ठिबक्या," एक जण म्हणाला, "पोर रात्रभर भिजवते ते कमी पडलं का, म्हणून आता विहीर?" ठिबक्या! दुपारपर्यंत ते नाव जत्रेतल्या पाळण्यापाशी पोचलंसुद्धा.

खाली उतरले दोघंच, सेर्वास आणि मुकादम. डांबर खरवडलं, शिशाला खिळा लावून बघितला. खिळा घसरला, शिसं हललं नाही. मुकादम हातभर सांधा वीत वीत तपासत गेला.

"गाढवा," तो म्हणाला, "दोन नाही, तीन हात मारलेत तू."

सेर्वास माच्यावर खालीच बसला आणि हसत सुटला. मला मेलीला त्या थंडीतही ऊब आल्यासारखं वाटलं.

इथंच संपायचं. पण वर येताना सवयीनं मुकादम सांध्यांवर हातोडीचा दांडा आपटत होता. एकशे अकरा ठण्ण, एकशे दहा ठण्ण. शहाण्णवला आवाज बसका आला. खिळा लावला तर शिसं लोण्यासारखं हललं. चार हात लांबीला दुसरा हात मारलाच नव्हता. जो तो आपल्या कड्यावर खूण करायचा; इथं कडेला फुली होती, गोमारकाकाची. बिचाऱ्याला दिसलंच नसणार.

काकाचं निवृत्तिवेतन दोन महिन्यांवर आलेलं, आणि असली चूक वरच्या साहेबांना कळली की ते बुडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"वर काय सांगणार?" सेर्वासनं विचारलं.

"ज्याचं आहे त्याचं नाव सांगणार. मी खोटं लिहीत नाही."

"लिहू नका काही. वर सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, ते कुणाचं आहे." सेर्वासनं हातोडा उचलला. "माझं."

मग मुकादमानं स्वतः दिवा धरला. पाच तास सेर्वास ठोकत होता आणि वर गडी तो आवाज ऐकत एकमेकांना डोळे मिचकावत होते. त्यानंतर मुकादमानं काकाची सगळी कडी एक ना एक तपासली, बाकी सगळी चांगली निघाली. आणि काकाला ठोकायच्या कामावरून काढून दिव्यांच्या खोलीत बसवलं, खाली जाणाऱ्यांना दिवे द्यायला.

सोमवारी यंत्र थांबलं. हळूहळू माझ्या अंगात मुंग्या आल्या, मग पाणी बाहेरून टेकलं. किती घाबरले होते म्हणून सांगू! आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. शहाण्णव कोरडं, एकशे बारा कोरडं. सगळं मिळून दिवसाला बादलीभर ओल, पंपाला बसून बसून कंटाळा आला. मग माझ्या माथ्यावर मोठा पंखा बसवला, आणि मी जो श्वास सोडायला लागले ते पंचेचाळीस वर्षं.

नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ओडा शाळेत गेली ती ठिबक्याची ओडा म्हणून. गंमत म्हणजे सुरुवातीला, निवृत्तीपर्यंतचे दोन महिने, सगळ्यांत मोठ्यानं हाक गोमारकाका मारायचा. दिव्यांच्या खिडकीतून, "ये रे ठिबक्या, तुझा दिवा गळत नाही ना?" सेर्वास हसायचा, दिवा घ्यायचा, जायचा. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच बोलले असते. पण त्यानं डिम्फ्नाशिवाय कुणाला सांगितलं नाही, आणि ती तर त्याच्याहून घट्ट.

आता खाण बंद आहे. मला खडीनं भरलं, वर सिमेंटचं झाकण बसवलं, आतला वायू साचू नये म्हणून एक नळी ठेवली. त्या नळीतूनच बोलतेय. झाकणापाशी बाक आहे, लोक सायकली टेकवून तिथं पाव खातात. माझी तक्रार काही नाही. जांभळी फुलं परत आलीत, मुलं नळीत तोंड घालून ओरडतात आणि मी त्यांना 'हूऽऽ' करते.

फक्त एक गोष्ट टोचते. ओडाची नात लिवे गावात बेकरी चालवते. सगळे तिला ठिबक्यांची लिवे म्हणतात. परवा ती इथं बाकावर बसून मुलाला सांगत होती, "माझ्या पणजोबांनी एक कडं नीट ठोकलं नव्हतं, खाण बुडणार होती." खाली मान घालून सांगत होती.

तुम्ही लिंडेलोला आलात तर तिच्याकडचा चेरीचा वर्तुळाकार केक घ्या, चांगला असतो. आणि तिला एवढं सांगा की एकशे बारावं कडं पहिल्यापासून कोरडं होतं, तिथं तीन हात मारलेले होते. मग कुणाचं कच्चं होतं, असं ती विचारेल. तर सांगा, ते विहिरीला ठाऊक आहे, पण तुझ्या पणजोबांनी सांगितलं नाही, मग आपण कशाला सांगायचं. तुम्ही आला नाहीत तरी चालेल. कुणी त्या बाजूला जाणारं भेटलं, तर त्यांच्याकडे निरोप द्या.