बाकावरची मोकळी जागा

"अगं, अजून किती सरकू? आता पडेन खाली!"

"पडा. पण तिच्याजवळ नको."

मित्रांनो, मी चर्चमधला एक जुना बाक आहे. माझ्या टोकाला अर्धं अंग हवेत ठेवून बसलेला हा बेकरीवाला, आणि त्याला कोपराने ढकलणारी त्याची बायको. बायकोच्या पलीकडे त्यांची मुलगी. दुसऱ्या टोकाला शिवणकाम करणारी ताई, एकटी.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. कुणी उठलं की मी कुरकुरतो. तरी लोकांनी मला प्रेमाने वापरलं. गुडघे टेकून, माझ्यावर कोपरं रोवून माणसांनी देवाकडे इतकं मागितलं, की माझं पॉलिश पार उडालं. आभार मानून काही झिजल्याचं मात्र आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात या दोघी आया कोपराला कोपर लावून माझ्यावर रडल्या. दोघींची मुलं एकाच तापाने एकाच वॉर्डात होती. बेकरीवाल्याची मुलगी घरी आली. ताईचा मुलगा आला नाही.

तेव्हापासून माझ्या मधोमध तीन माणसांची जागा मोकळी असते. पाळक दर रविवारी विचारतात, "कुणाला देवाचे आभार मानायचेत?" बेकरीवाला बुटांकडे बघतो. एकदा तो अर्धा उठला, मी कुरकुरलो, ताईने मान वळवली. बिचारा मटकन खाली बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती पोर ताईसमोर हसत नाही. हसू फुटलंच तर तोंडात रुमाल कोंबते, जणू बरं होणं म्हणजे चोरीच.

मित्रांनो, मिळालेलं दान लाजेने झाकून ठेवू नका. झाकलेली भाकरीसुद्धा बुरसते.

आज पाळकांनी पुन्हा विचारलं. मुलगी कुजबुजली, "बाबा, मी बरी झाले ते सांगू नये का?"

"शूऽऽ!" आईने चिमटा काढला.

तेवढ्यात मी कुरकुरलो. ताई उठली होती. मोकळी जागा ओलांडून ती मुलीला खेटून बसली.

"भाऊ, माझा मुलगा गेला," ती म्हणाली. "तुमची मुलगी वाचली. दोन्ही खरं आहे. उठा, मोठ्याने देवाचे आभार माना. नाहीतर या पोरीला वाटेल, जगली हीच तिची चूक झाली."