पुस्तकाचा डबा

वाचनबाईने पानात बोट घालून लोकशाहीवरचं पुस्तक मिटलं आणि पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आलाच.

"पुढचं नको. डोकं उठलं त्या लोकशाहीनं."

सगळा हॉल हसला. बोलणारी नकोबाई. नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण अगदी चपखल बसलं होतं. चहाला नको, पंख्याला नको, खिडकी उघडली तर वारा नको, मिटली तर उकाडा नको. कवितेचं नाव काढलं की पहिला 'नको' तिचाच. वयानेही सगळ्यांत मोठी. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे नाक ताटाला लागेल इतकी वाकून बसायची. पण हात असे चालायचे की तरण्याताठ्या मुलींनी बघत राहावं.

बियाणं जपणाऱ्या एका संस्थेचा हा निवडायचा हॉल. दोन्ही अंगांना लांब टेबलं, प्रत्येकीपुढे एक ताट आणि ताटात घेवड्याचे दाणे. किडका, चिरलेला, सुरकुतलेला दाणा डावीकडे. टपोरा, तुकतुकीत दाणा उजवीकडे. सकाळी बसायचं ते मान मोडेपर्यंत. सोळा जणी निवडायच्या आणि सतरावी खुर्चीवर बसून त्यांना वाचून दाखवायची.

ही सतरावीसुद्धा बारा वर्षं निवडायलाच बसत होती. मग सांध्यांनी दगा दिला, बोटं वाकडी झाली, दाणा चिमटीत धरवेना. ती राजीनामा घेऊन आली त्या दिवशी बायकांनी तो कागद काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुझं ताट आम्ही सोळा जणी वाटून घेतो. तू आपली वाच. नुसते दाणे बघून बघून वेड लागायची पाळी आली आहे." त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती वाचनबाई.

काय वाचायचं तेही बायकाच ठरवायच्या. शनिवारी गोदामात तीन डबे मांडायचे, प्रत्येक डब्यावर एका पुस्तकाचं नाव. एकेकीने आत जायचं आणि आपल्या ताटातला एक दाणा हव्या त्या डब्यात टाकायचा. व्यवस्थापक आणि वाचनबाई मिळून मोजायची. असं करत जमिनीचा कस राखून शेती कशी करावी त्यावरचं जाडजूड पुस्तक वाचून झालं होतं. त्याच्या लेखकाशी बायका पानापानाला भांडल्या होत्या. "हा गृहस्थ बांधावरून खाली उतरलेला दिसत नाही," असा निकाल लागला, तरी पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं. कवितांचं पुस्तक दोनदा निवडून आलं होतं. कविता कशी वाचावी, कुठे थांबावं, न लिहिलेलं कसं ऐकावं, असं समजावून सांगणारं पुस्तक होतं ते. एकदा त्यातल्या एका कवितेत दारात उभ्या राहिलेल्या बाईवर ओळी होत्या. नकोबाईने नेहमीसारखं नाक मुरडलं. अर्ध्या तासाने, मध्येच, मान वर न करता तिने विचारलं होतं:

"त्या बाईचं पुढे काय झालं गं?"

"पुढे काही नाही, मावशी. कविता तिथेच संपते."

"संपते कशी? ती अजून दारात उभी आहे ना?"

वाचनबाईने पान उलटलं होतं.

आता लोकशाहीचं पुस्तक चालू होतं, आणि त्यातला गुप्त मतदानाचा धडा आदल्याच दिवशी झाला होता. पाण्याचा पेला तिने खाली ठेवला तर दारात व्यवस्थापक उभे. हातात कागद, चेहरा उतरलेला. भला माणूस, पण वाईट बातमी सांगायची झाली की आधी घसा खाकरायचा.

"बी निवडायचं मशीन येतंय," ते म्हणाले. "तुमचे डोळे वाचतील. दिवस दोन तासांनी लहान होईल, पगारात फरक नाही. फक्त मशीनचा आवाज फार. शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागेल." वाचनबाईकडे न बघताच त्यांनी पुढचं वाक्य उरकलं. "वाचन काही जमायचं नाही मग. हवं की नको ते तुम्ही ठरवा. वरून सांगितलंय, बायकांचं मत घ्या."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. वाचनबाईने बोट घातलेलं पान उघडलं आणि पुढचा परिच्छेद वाचला, पण आपण काय वाचतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. वाचन गेलं की ती कोण? ना निवडणारी, ना वाचणारी. "तुमची काहीतरी सोय बघू," असं व्यवस्थापक जाताना पुटपुटले होते. ही 'काहीतरी सोय' म्हणजे घरी बसणं, हे न कळायला ती काय लहान होती?

शनिवारी गोदामाच्या दाराला चादर बांधली. धडा ऐकल्यापासून बायका त्या बाबतीत फार काटेकोर झाल्या होत्या.

"आपलं मत आपल्यापाशी. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही."

"माझा विचारतोय कशाला!"

आत दोनच डबे होते. एकावर 'पुस्तक', दुसऱ्यावर 'मशीन'. एकेक जण ताटातला दाणा मुठीत झाकून जात होती आणि रिकामी मूठ घेऊन बाहेर येत होती. वाचनबाई भिंतीशी उभी होती. तिच्यापुढे ताट नव्हतं, म्हणून दाणा नव्हता, आणि आपल्याला मत आहे की नाही हे विचारायची तिला लाज वाटत होती.

"तू काय खांबासारखी उभी?" नकोबाई तिच्या अंगावर खेकसली. "जा की. तू काय पाहुणी आहेस इथली?" आणि स्वतःच्या ताटातला एक दाणा उचलून तिने तिच्या वाकड्या बोटांत कोंबला.

चादरीआड वाचनबाई दोन डब्यांपुढे थांबली. पुस्तकाच्या डब्यात टाकायचं, हे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. पण तिला सून आठवली. सून याच हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसायची. संध्याकाळी घरी आली की आधी ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडायची. तक्रार कधी नाही. कालच सुईत दोरा ओवायला तिने सासूकडे दिला होता. तिला भोक दिसेना, हिला सुई धरवेना. दोघी आधी हसल्या, आणि मग त्यांनी सुई तशीच डबीत ठेवून दिली.

माझ्या एका मताने काय बिघडतंय, वाचनबाईला वाटलं. सोळा जणी आहेत बाहेर. नऊ वर्षं त्यांनी माझं ताट वाटून घेतलं, त्या काय मला सोडणार आहेत? निदान सुनेला सांगता येईल कधीतरी, की बाई गं, मी तुझ्या डोळ्यांना मत दिलं होतं. या विचाराने तिला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि दाणा तिने मशीनच्या डब्यात सोडला.

मोजायला नेहमीप्रमाणे ती आणि व्यवस्थापक, दोघंच गोदामात राहिली. व्यवस्थापकांनी मशीनचा डबा टेबलावर पालथा केला आणि दाणे एका बोटाने सरकवत मोजले. सोळा. मग पुस्तकाचा डबा उपडा केला. त्यातून एकच दाणा टप्पकन पडला आणि घरंगळत तिच्या हातापाशी येऊन थांबला.

व्यवस्थापकांनी घसा खाकरला. "वाईट वाटून घेऊ नका, बाई."

पण ती ऐकत नव्हती. व्यवस्थापकांच्या लेखी तो सगळा घेवडाच होता. बारा वर्षं दाणे निवडलेल्या बाईला मात्र तसं बघताच येत नाही. प्रत्येकीच्या ताटात वेगवेगळ्या शेताचा माल, आणि प्रत्येक शेताचा दाणा निराळा. चादर बांधताना हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. सोळांच्या ढिगात तिला एकेकीची ओळख पटत गेली. हा बारीक, पिवळट दाणा पहिल्या टेबलावरचा. हा चपटा, खिडकीजवळ बसते तिचा. हा मोठा, पाठीवर गुलाबी झाक असलेला, नदीकाठच्या शेतातला. तो सुनेच्या ताटातला. ती त्या दाण्याकडे बघत राहिली. त्यात चूक काय, स्वतः तिनेही तेच केलं होतं. तरी तो दाणा तिने बोटाने ढिगाच्या आत लोटला.

ढिगात एक दाणा डोळ्याभोवती, कोंब फुटतो तिथे, काळं कडं असलेला होता, डोंगरउताराच्या शेतातला. तो तिने स्वतः टाकलेला. आणि हातापाशी पडलेला एकुलता एक दाणा तिने जवळ घेऊन पाहिला. त्याच्याही डोळ्याभोवती काळं कडं होतं.

डोंगरउताराचा माल हॉलमध्ये एकाच ताटात होता.

व्यवस्थापकांनी बाहेर जाऊन आकडे सांगितले. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी पाणी आणलं. एकीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"आम्हाला वाटलं, बाकीच्या पुस्तकाला देतील. म्हणून आम्ही..."

"स्वतःला मत दिलंत ते बरं केलंत, बाई. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

सुनेने तिचा दंड धरला होता आणि जमिनीकडे बघत ती म्हणाली, "आई, मी..."

"असू दे," वाचनबाई म्हणाली. 'ते मत माझं नाही,' हे तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. बोलली असती तर मग कुणाचं, म्हणून शोध सुरू झाला असता, आणि शेवटी सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या असत्या.

मागच्या रांगेत नकोबाई ताट पुसत होती.

"नकोबाई, सुटलात हो तुम्ही!" वातावरण हलकं करावं म्हणून कुणीतरी ओरडलं. "आता लोकशाही नाही की कविता नाही!"

"हो. सुटले," नकोबाई म्हणाली, आणि हात धुवायला निघून गेली.

वाचनबाई तिच्या मागोमाग गेली. नळावर दुसरं कुणी नव्हतं. नकोबाई पाण्याखाली हात चोळत होती, चांगले स्वच्छ झाले होते तरी चोळत होती.

"मावशी."

"एकच पडलं म्हणे."

"हो."

"तेवढं गणित येतं मला."

वाचनबाईचा चेहरा कानापर्यंत तापला. "सुनेचे डोळे फार दुखतात हो," ती म्हणाली. "मला वाटलं, एवढ्या जणी आहेत, त्या देतीलच. माझं एक नसलं तरी..."

नकोबाईने नळ बंद केला. ओले हात लुगड्याला न पुसता तिने तसेच पुढे धरले होते आणि पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते. तिच्या आवाजात राग नव्हता, रोजची कुरकुरसुद्धा नव्हती.

"मी आपली समजत होते," ती म्हणाली, "दोन तरी पडतील."