आतली कडी

"दरवेळी पोरगीच का घुबड होते? एखाद्या गोष्टीत बापाला करा की घुबड!"

कापड कापायच्या टेबलाखालून ही कुरकुर आली. तिथे आमची धाकटी बसली होती. वय आठ, जीभ वकिलाची. मांडीत बटणांचा डबा आणि काम ठप्प.

सकाळीच निरोप आला होता, थोरली चार वाजता येतेय. नको म्हटलेलं असताना ती तीन वर्षांपूर्वी परगावी शिकायला गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नाही, ही घुबडाची गोष्ट मात्र आठवड्यातून दोनदा निघते. आज तर हे भर दुपारी कात्री हातात धरून सांगायला लागले. दुकानाचं दारही पावणेचारलाच आतून लावून टाकलं.

"तिला बजावलं होतं, नदीपलीकडे जायचं नाही. गेली. परत येऊन दार वाजवलं, तर तोंडातून घुबडाचा आवाज. घरच्यांना वाटलं, पाखरू ओरडतंय."

"घुबड दार वाजवतं?"

"चोचीनं."

"आणि कडी कुणी लावली होती?"

"वाऱ्यानं लागली असेल. बटणं लाव."

"वाऱ्यानं दार आपटतं बाबा, कडी नाही लागत. शेवट बदला, नाहीतर डबा मिळणार नाही. द्या शाळेला बिनबटणांचे शर्ट!"

"हीपण त्याच वाटेनं जाणार," हे माझ्याकडे बघून म्हणाले. "तुझे लाड!"

मी मान खाली घालून टीप मारत राहिले. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या घराचं दार तीनदा वाजलं होतं. धाकटी झोपली होती. आम्ही दोघं जेवत होतो. हे म्हणाले, "वाढ." मी वाढलं.

बाहेर पायरीवर चपला वाजल्या. मग दार.

"घुबड आलं!" धाकटी मुद्दाम मोठ्यानं ओरडली.

"जागचं हलायचं नाही," हे म्हणाले. तिला की मला, कोण जाणे.

मी मशीनवरून पाय काढला. टीप अर्धी राहिली. कडीला हात घातला आणि धाकटीला सांगितलं, "घुबड कुणी झालं नव्हतं गं. 'आई, दार उघड' असं स्वच्छ ऐकू आलं होतं. कडी तुझ्या बाबांनी लावली होती. आणि मी ताटावरून उठले नाही."